कलिंगडाचा खेळ (सुइका): नशीब किती, डोकं किती?

आमराई (विश्रामबाग, सांगली)

आमच्या घरात सध्या एकच खूळ आहे, सुइका नावाचा फोनवरचा खेळ. वरून एकेक फळ पेटीत सोडायचं. सारखी दोन फळं टेकली की त्यांचं एक मोठं फळ होतं. ढीग वरच्या रेघेबाहेर गेला की खेळ खलास. नियम एवढेच. सासूबाई दुपारची झोप मोडून खेळतात यातच सगळं आलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी फळांचा क्रम: चेरी, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, डेकोपॉन (संत्र्याचा जपानी भाऊबंद), पर्सिमन (टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ), सफरचंद, पेअर, पीच, अननस, खरबूज आणि शेवटी कलिंगड. एकूण ११. तुमच्या हातात मात्र पहिली पाचच येतात, पुढची सगळी जोडून मिळवायची.

खेळ जपानी. २०२१ मध्ये छताला लावायच्या दिव्यातच प्रोजेक्टर असलेलं एक यंत्र होतं, त्यात विरंगुळा म्हणून तो घातला होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो निन्टेंडो स्विच ह्या खेळायच्या यंत्रावर आला, आणि जवळजवळ दोन वर्षं त्याला फारसं कोणी विचारलं नाही. मग २०२३ च्या सप्टेंबरात जपानमधले लोक खेळता खेळता थेट प्रक्षेपण करायला लागले आणि एकदम भडका उडाला. कल्पना अगदी कोरी नव्हती म्हणा, चीनमध्ये २०२१ च्या सुरुवातीलाच फळं जोडून कलिंगड करायचा एक ब्राउझरवरचा खेळ गाजला होता.

आता मुद्दा. जो तो म्हणतो, नशिबाचा खेळ आहे. मला पटत नाही. पुढचं फळ कोणतं, एवढंच नशीब ठरवतं. हरणारा माणूस वाईट फळ आलं म्हणून हरत नाही, लहान फळं मोठ्यांच्या खाली गाडली म्हणून हरतो. घाला वाद.

वडाप (कवठेमहांकाळ)

ताई, तुमचं बरोबर असंल. पर मला सांगा, एका पर्सिमनसाठी डाव अडलाय आणि वरनं येतंय काय, तर चेरी, चेरी, परत चेरी. ह्यात डोकं कुठं लावायचं? नशीबच म्हणायचं की.

आमराई

त्या चेरी कुठे टाकल्यात ते सांगा आधी.

वडाप

जागा दिसंल तिथं.

आमराई

सापडला रोग.

वालचंदी (सांगली, सध्या पुणे)

वडापदादा, टेट्रिसच्या सवयीने खेळताय. टेट्रिस हा वरून पडणारे तुकडे रचायचा १९८४ चा खेळ, त्यात चौकटी असतात. तुकडा बसला की बसला, नंतर घरंगळत नाही. इथे चौकट नाही. प्रत्येक फळ ही एक गोल वस्तू आहे आणि तिला वजन, घर्षण, थोडी उसळी नि गरगरणं, सगळं आहे. संगणक सेकंदाला साधारण ६० वेळा तपासतो की कोण कोणाला टेकलंय आणि कोणाचा किती भाग दुसऱ्यात घुसलाय. घुसलेला भाग तो बाहेर ढकलतो. २००९ चा अँग्री बर्ड्स हा गलोलीने पक्षी उडवायचा खेळ बॉक्स टूडी नावाच्या इंजिनावर (वस्तूंची हालचाल मोजणाऱ्या तयार प्रणालीवर) चालायचा, तेही मुळात हेच काम करतं.

ह्या ढकलाढकलीतच खेळ आहे. दोन फळं जुळली की नवीन फळ त्यांच्या मधोमध उगवतं. ते आकाराने मोठं, आणि शेजारी आधीच चिकटून बसलेले. मग सगळ्यांना धक्का बसतो. कधी तो धक्का लांबच्या दोन द्राक्षांची गाठ घालून देतो, तर कधी काठावरची चेरी रेघेबाहेर उडवतो. लोक ह्याला नशीब म्हणतात. पण नवीन फळ कुठे उगवणार ते जुळवण्याआधी कळतं, आणि धक्का कोणत्या बाजूला जाणार तेही बऱ्यापैकी कळतं.

दुसरं, बारीक फळं खाली का जातात? भडंगाचा डबा हलवत घरी आणला की मसाल्याचा चुरा तळाला गेलेला असतो, तसंच. डबा हलला की फटी पडतात आणि फटीतून बारीक माल खाली उतरतो. इथे डबा कोणी हलवत नाही, पण प्रत्येक जोडणीचा हादरा तेच काम करतो. एकदा चेरी दोन अननसांच्या खालच्या बेचक्यात गेली की तिला जोडीदार पाठवायचा रस्ताच बंद.

आणि एक गंमत आहे, जी मला फार उशिरा दिसली. दोन सारख्या वर्तुळांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर नव्या वर्तुळाची रुंदी १.४१ पट व्हायला हवी. चेरीपासून कलिंगडापर्यंत दहा पायऱ्या आहेत, म्हणजे कलिंगड चेरीच्या ३२ पट रुंद व्हायला हवं. तसं असतं तर ते पेटीत मावलंच नसतं. प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी लहान आहे. म्हणजे एकूण हिशेबात जोडण्या जागा मोकळी करतात. ढीग वाढतो तो फक्त न जुळलेल्या फळांमुळे.

पाचगणीकर (सातारा जिल्हा)

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण स्ट्रॉबेरी खालून दुसरी? आमच्याकडे अख्ख्या डोंगराचं अर्थकारण तिच्यावर चालतं. तीव्र निषेध.

बेदाणा (तासगाव)

आमचं द्राक्ष तिसरं हाय. आमी काय बोललो का?

गणिताच्या बाई (मिरज)

वालचंदी, तुमचं क्षेत्रफळ छान, पण ह्या खेळात त्याहून सोपं गणित लपलंय. मी माझ्या वर्गात ते फळ्यावर मांडलं, तर मागच्या बाकांवरचीसुद्धा पुढे आली.

चेरीला १ धरा. स्ट्रॉबेरी २, द्राक्ष ४, डेकोपॉन ८, पर्सिमन १६, सफरचंद ३२, पेअर ६४, पीच १२८, अननस २५६, खरबूज ५१२, कलिंगड १०२४. म्हणजे पेटी ही एक द्विमान पद्धतीतली (फक्त ० आणि १ वापरून लिहायची) संख्या आहे आणि फळं जुळणं म्हणजे हातचा घेणं. पेटीत चेरीपासून खरबुजापर्यंत दहाही फळं एकेकच आहेत असं समजा. बेरीज १०२३. आता वरून एक चेरी सोडा. दोन चेरींची स्ट्रॉबेरी, तिला शेजारची स्ट्रॉबेरी मिळून द्राक्ष, असा हातचा सरकत सरकत थेट कलिंगडापर्यंत जातो. एका चेरीत अख्खी पेटी साफ.

कागदावर एककाशेजारी दशक आपोआप असतो. पेटीत तसं काही नाही. स्ट्रॉबेरीशेजारी द्राक्ष आणि द्राक्षाशेजारी डेकोपॉन आणून ठेवणं हे तुमचं काम आणि माझ्या मते कौशल्य काय ते एवढंच. बाकी सगळी सफाई.

आता नशिबाचं. पाचही फळं येण्याची शक्यता सारखी धरू. मग हातात येणाऱ्या फळाची सरासरी किंमत १ + २ + ४ + ८ + १६ भागिले ५, म्हणजे ६.२. १०२४ ला ६.२ ने भागलं की साधारण १६५. एका कलिंगडाला एवढी फळं लागतात. दीडशेच्या वर फळांत नशिबाचे चढउतार बरेचसे फिटतात. वडाप म्हणतात तशी चेरींची रांग येतेच कधीतरी. त्या रांगेने कोणी हरत नाही, रांगेला जागा राखली नसेल तर हरतो.

वडाप

बाई, समजा पाच चेऱ्या आल्या. करू काय?

गणिताच्या बाई

पाच म्हणजे ४ अधिक १. सगळ्या एकाच जागी सोडल्यात तर एक द्राक्ष आणि एक चेरी उरते. शेजारी द्राक्ष असेल तर डेकोपॉन होऊन जातं. पाच चेरींना जागा एकाच चेरीची लागते, पण ती जागा मोकळी हवी आणि वरून दिसायला हवी.

वडाप

हे कुणी सांगितलंच न्हवतं राव. मी आपला पाची चेऱ्या पाच फटीत बसवत हुतो. दिसायला मोकळं दिसतंय म्हणून.

तंबोरा (मिरज)

मांडणीवर बोलूया का थोडं? सगळीकडे एकच सल्ला फिरतो: मोठं फळ एका भिंतीला आणि तिथून उतरत्या क्रमाने दुसऱ्या भिंतीपर्यंत. म्हणजे बाईंची संख्याच आडवी लिहायची. ऐकायला झकास. पण मी खेळतो तेव्हा अर्ध्या डावानंतर माझं खरबूज भिंत सोडून पेटीच्या मध्यात आलेलं असतं आणि भिंतीकडच्या फटीत दोन स्ट्रॉबेऱ्या अडकलेल्या असतात. दोष कोणाचा?

वालचंदी

"मधोमध उगवतं" हाच तो दोष. भिंतीला टेकलेलं एक अननस आणि त्याच्या उजवीकडे दुसरं अननस अशी जोडी जुळली की खरबूज दोघांच्या मध्ये येणार, म्हणजे भिंतीपासून थोडं सरकून. डावीकडे फट पडली, आणि वरचा बारीक माल तिची वाटच बघत असतो.

उपाय असा की जोडीदार शेजारी न आणता वर आणायचा. वर-खाली जुळलेल्या जोडीचं फळ भिंतीलगतच राहतं आणि वजनाने खाली बसतं. मोठ्या फळांना हे दरवेळी जमत नाही, कारण अननस उचलून ठेवता येत नाही, ते जिथे तयार होईल तिथेच होतं. म्हणून तयारी दोन पायऱ्या आधी करायची. शेवटचं पीच भिंतीजवळच्या अननसाच्या डोक्यावर जुळेल अशी वाट ठेवायची.

आमराई

आमच्या सासूबाई हे कोणी न सांगता करतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "जड खाली, हलकं वर, आणि हाताशी लागणारं पुढे. फडताळ लावतेस ना तू?" मी काय बोलणार.

तंबोरा

आजींना दंडवत. पण मला उतरती रांग पूर्ण मान्य नाही. मी मोठं फळ भिंतीला ठेवतो, ते ठीक. पण सगळ्यात लहान दुसऱ्या भिंतीला ठेवलं की तिथे खळगा तयार होतो. चेरी टाकली की ती पार तळाशी जाते आणि पुढचं फळ वर बसून तिला बंद करतं. त्यापेक्षा दुसऱ्या भिंतीला मध्यम काहीतरी ठेवावं, सफरचंद किंवा पेअर, आणि बारीक फळांचा बाजार मधल्या उथळ दरीत भरवावा. दरीचं तोंड रुंद असतं. दोन्ही उतारांवरून फळं आपसूक तिथे घरंगळत येतात, नेम धरावा लागत नाही.

आमराई

आणि मग दुसऱ्या भिंतीचं पेअर वाढत वाढत अननस झालं की? एक अननस इकडे, एक अननस तिकडे. मध्ये पाचपन्नास फळांची वस्ती. ती दोघं जन्मात भेटत नाहीत. माझे सगळ्यात वाईट डाव असेच बुडालेत.

तंबोरा

तिकडचं वाढू द्यायचंच नाही ना. ते सफरचंद फक्त उंबरठा म्हणून. जुळायची वेळ आली की मोठ्याच्या बाजूला ढकलायचं.

आमराई

"ढकलायचं" म्हणे! हात कुठे आहेत तुम्हाला पेटीत?

तंबोरा

वरून पर्सिमन भिंत आणि सफरचंदाच्या मध्ये सोडून बघा. पाचरीसारखं काम करतं. दरवेळी नाही, पण उताराची बाजू बरोबर असेल तर सरकतं.

बेदाणा

मी ह्यातलं काय बी करत न्हाई. पुढचं फळ कोपऱ्यात दिसतं, ते बघतो. हातात द्राक्ष आणि पुढं बी द्राक्षच आसंल तर पयलं द्राक्ष आसं ठेवायचं की दुसरं त्याच्यावर पडलं पायजे आणि खालच्या डेकोपॉनला लागलं पायजे. एवढंच बघतो. माणसं हातातलं बघत्यात, पुढचं बघत न्हाईत. आणि घाई. कोण मागं लागलंय? घड्याळ न्हाई त्यात.

वालचंदी

बेदाणादादांचा घड्याळाचा मुद्दा मोठा आहे. टेट्रिस वेग वाढवत वाढवत तुम्हाला हरवतो. इथे सगळं स्थिर होईपर्यंत चहा पिऊन या, कोणी विचारत नाही. फक्त एके ठिकाणी घाई फायद्याची: फळ घरंगळत असतानाच दुसरं सोडलं तर ते थांबायच्या आधी गाठता येतं. आणि पडताना किंवा उडून फळ क्षणभर रेघेवर गेलं तर घाबरायचं कारण नाही. तिथे टिकून राहिलं तर मात्र संपलं.

हळदबाजार (सांगली)

वाचतोय सगळं. एक प्रश्न, रागावू नका. फळावर फळ टाकायचं ह्यात आहे काय एवढं? माझा मुलगा बारावीला आहे. पूर्वी पत्ते कुटायचे, आता हे. गणित आणि पदार्थविज्ञान लावून त्याला मोठेपणा देऊ नका, एवढीच विनंती.

गणिताच्या बाई

रागावत नाही. बारावीच्या मुलाच्या हातून फोन काढून घ्याच, तिथे माझं दुमत नाही. पण "आहे काय एवढं" ह्याचं उत्तर देते.

बहुतेक कोड्यांत उत्तर आधीच कोणीतरी लपवून ठेवलेलं असतं. अँग्री बर्ड्समध्येसुद्धा टप्पा कोणीतरी रचलेला असतो आणि तो सुटला की संपला. इथे टप्पेच नाहीत. समोरची अडचण तुम्हीच दहा मिनिटांपूर्वी तयार केलेली असते. ढीग बघून सांगता येतं की हे डेकोपॉन मी आळसाने टाकलं होतं. म्हणून हरल्यावर चीड येते ती स्वतःची, खेळाची नाही, आणि पुन्हा मांडावासा वाटतो.

शिवाय शिकवावं काही लागत नाही. गोल वस्तू उतारावरून घरंगळते हे दोन वर्षांच्या बाळालाही माहीत असतं. तेवढं ज्ञान खेळायला पुरतं. आणि मध्येच एखादी साखळी आपली आपण सुरू होते, टप टप टप, आणि काही न करता अर्धी पेटी रिकामी. त्या दोन सेकंदांसाठी लोक खेळतात.

हळदबाजार

बरं. म्हणजे नाद लागायचं कारण समजलं. फोन काढून घेतला आहे.

पाचगणीकर

आता तो फोन कोणाच्या खोलीत आहे ते विचारू नये.

वालचंदी

गुणांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. गुण १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६, ४५, ५५ असे चढतात. दोन चेरी जुळल्या की १, दोन खरबुजं जुळून कलिंगड झालं की ५५. बाईंचा १६५ फळांचा हिशेब धरून मी बेरीज केली. एक कलिंगड होईपर्यंत साधारण १,९०० गुण. त्यात शेवटच्या जोडणीचे फक्त ५५! सगळ्यात जास्त गुण पर्सिमनच्या जोड्यांतून येतात, सुमारे ४८०, कारण त्या ३२ वेळा होतात. डेकोपॉन आणि सफरचंद त्यांच्या मागोमाग, तीनशेच्या वर प्रत्येकी.

म्हणून मोठी आकडेवारी हवी असेल तर मधली फळं सतत फिरती ठेवा. कलिंगडाचं मोल गुणांत नाही. ते होताना पेटीत जी जागा सुटते त्यात आहे.

वडाप

आणि दोन कलिंगडं टेकली तर? बारावं फळ कुठलं?

वालचंदी

बारावं नाही. दोन्ही गायब. ६६ गुण आणि पेटीत रिकामी जागा.

वडाप

आँ? एवढा खटाटोप करून हातात भोपळा?

बेदाणा

भोपळा बारावा आसता तर बरं झालं आसतं.

गणिताच्या बाई

दोन कलिंगडं म्हणजे चेरीच्या हिशेबात २०४८. त्याच आकड्याच्या नावाचा एक खेळ २०१४ मध्ये गाजला होता, गॅब्रिएले चिरुल्ली नावाच्या इटालियन मुलाने केलेला. दोन सारखे आकडे जोडायचे, दुप्पट करायचे. सुइकाचं गणित तेच आहे. फरक एवढाच की तिथे आकडे चौकटीत गुमान बसतात, इथे ते घरंगळतात. गुमान बसणाऱ्या आकड्यांचा खेळ मी आठवड्यात सोडून दिला होता.

तंबोरा

फोनवर ह्या खेळाच्या ढीगभर नकला आहेत. कोणती घ्यावी? माझ्याकडे जी आहे तिच्यात फळं साबणासारखी निसटतात. माझी उंबरठ्याची युक्ती कदाचित तिच्यातच चालत असेल, असा आता मला संशय यायला लागलाय.

वालचंदी

येणारच. ब्राउझरवरच्या बऱ्याच नकला मॅटर जेएस नावाचं तसंच एक इंजिन वापरून केलेल्या असतात, आणि घर्षण नि उसळी किती ठेवायची हे बनवणाऱ्याच्या हातात. दोन नकलांत एकच मांडणी वेगळी वागते. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. रिकाम्या पेटीत एक पर्सिमन सोडा, त्याच्या खांद्यावर चेरी टाका आणि ती किती लांब घरंगळते ते बघा. फार लांब गेली तर उतारावर काही टिकणार नाही. मग तेच फळ पुन्हा उंचावरून सोडून उसळी बघा. चेंडूसारखं उडत असेल तर ती नक्कल काढून टाका, काठावरचा डाव तिच्यात खेळताच येत नाही. आणि पुढचं फळ दाखवत नसेल तर बेदाणादादांची पद्धतच बाद.

आमराई

चौथी गोष्ट, दर डावाला जाहिरात दाखवते का. सासूबाईंच्या फोनवरचं ते पहिलं काढून टाकलं.

तंबोरा, तुमची उंबरठ्याची मांडणी आमच्याकडच्या खेळात करून बघितली. सफरचंद सरकलंच नाही, पर्सिमन त्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. चित्र टाकते रात्री.

तंबोरा

टाका. भिंतीला कोणत्या बाजूने टेकलं होतं तेही दिसू द्या.